पहिली जमीन, पहिले घर : खरेदीपूर्वीची दक्षता

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हटले जाते. या म्हणीत अनुभवाचा कस आहे. चार पैसे गाठीला साठले की जमिनीचा तुकडा घ्यावा, त्यावर पुढेमागे घर बांधावे आणि गरज पडल्यास तोच तुकडा मुलांच्या शिक्षणाला किंवा लग्नकार्याला उपयोगी पडावा, ही इच्छा सर्वसामान्य कुटुंबात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. नोकरदारांच्या बाबतीत हा प्रसंग बहुधा दोन वेळा येतो. एक, नोकरीत स्थिरावल्यावर. आणि दुसरा, सेवानिवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची रक्कम एकदम हाती पडल्यावर. या दोन्ही प्रसंगी मनुष्य काहीसा घाईत असतो आणि घाईत केलेला जमिनीचा व्यवहार निस्तरण्यात पुढील आयुष्याची अनेक वर्षे खर्ची पडतात.

एक नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. शहरालगतच्या गावी कोणीतरी शेतजमिनीत चुन्याच्या रेघा मारून एकेक, दोनदोन गुंठ्यांचे भूखंड पाडतो. रस्त्यावर फलक लागतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील एखादे शिक्षक शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावर, नोटरीसमोर केलेल्या लेखावर सही करून पूर्ण रक्कम देतात. कागदावर शिक्का असतो, साक्षीदार असतात, जागेवर सिमेंटचे खांबही रोवलेले असतात. दोन वर्षांनी बांधकामाची परवानगी मागावयास गेल्यावर कळते की, सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही, जमीन शेतीखालीच आहे आणि मूळ मालकाच्या दोन बहिणींनी वाटपाचा दावा लावलेला आहे. यात शिक्षकांचा दोष एवढाच की, त्यांनी कागद पाहिला. परंतु तो कोणता कागद आहे, हे पाहिले नाही. हे टाळता यावे यासाठी काही मूलभूत गोष्टींची माहिती येथे देण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी हेतू, मग जागा

जागा पाहण्यास निघण्यापूर्वी खरेदीदाराने स्वतःलाच एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : ही मालमत्ता राहण्यासाठी हवी, भाड्याच्या उत्पन्नासाठी हवी, की काही वर्षांनी विकण्यासाठी? तिन्ही हेतूंसाठी वेगवेगळी जागा योग्य ठरते. राहण्यासाठी पाणी, शाळा, दवाखाना आणि वाहतूक यांना महत्त्व. भाड्यासाठी नोकरी-उद्योगाचे ठिकाण जवळ असणे महत्त्वाचे. विक्रीसाठी मात्र कागदपत्रांची निर्दोषता सर्वांत महत्त्वाची, कारण सदोष मालमत्तेला उद्या जाणकार ग्राहक मिळत नाही.

गुंतवणुकीचे गणितही कागदावर मांडून पाहावे. समजा, १० लाख रुपयांचा भूखंड घेतला आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकिलांचे शुल्क, मोजणी व कुंपण यांवर आणखी १ लाख खर्च झाला. दहा वर्षांनी तो २० लाखांना विकला गेला, तर ‘पैसे दुप्पट झाले’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ११ लाखांचे २० लाख झाले, म्हणजे वर्षाला सुमारे सव्वासहा टक्के चक्रवाढ वाढ झाली. तीतूनही भांडवली नफ्यावरील कर वजा व्हावयाचा असतो. सदनिकेचे तसेच आहे. ३० लाखांच्या सदनिकेचे भाडे दरमहा ८ हजार येत असेल, तर वर्षाचे उत्पन्न ९६ हजार, म्हणजे किमतीच्या ३.२ टक्के होते. त्यातून मालमत्ता कर, संस्थेचे देखभाल शुल्क, दुरुस्ती आणि भाडेकरू नसलेले महिने वजा करावे लागतात. कर्ज काढून खरेदी केल्यास व्याजही धरले पाहिजे : १० लाखांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ९ हजार पडतो आणि एकूण परतफेड साडेएकवीस लाखांहून अधिक होते.

याचा अर्थ जमीनजुमला घेऊ नये असा नव्हे. आयुष्याची सर्व पुंजी एकाच भूखंडात अडकवू नये, एवढाच त्याचा मथितार्थ. आजारपण सांगून येत नाही आणि भूखंड एका दिवसात विकला जात नाही. म्हणून किमान वर्षभराचा घरखर्च बँकेत वा डाकघरात सहज काढता येईल असा ठेवून मगच उरलेल्या रकमेचा विचार करावा.

सातबारा कसा वाचावा?

ग्रामीण भागातील जमिनीचा पहिला आरसा म्हणजे सातबारा उतारा. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक, तर गाव नमुना बारा हे पिकांच्या नोंदींचे पत्रक. दोन्ही मिळून ‘सातबारा’ झाला. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आता शासनाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतो. विक्रेत्याने दाखविलेल्या जुन्या छायाप्रतीवर विसंबून न राहता खरेदीदाराने स्वतः ताजा उतारा काढावा.

उताऱ्यावर चार गोष्टी बारकाईने पाहाव्यात. पहिली, भोगवटादाराचे नाव. विक्री करणारी व्यक्ती आणि नोंदलेली व्यक्ती एकच आहे काय? एकाहून अधिक नावे असल्यास सर्वांची संमती आहे काय? दुसरी, क्षेत्र. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर या परिमाणांत असते, तर व्यवहाराची बोलणी एकर-गुंठ्यांत चालतात. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक. आणि ४० गुंठ्यांचा १ एकर. हा हिशेब स्वतः करून पाहावा.

तिसरी गोष्ट भूधारणा पद्धती. ‘भोगवटादार वर्ग १’ अशी नोंद असलेली जमीन सामान्यतः मालकाला विकता येते. ‘भोगवटादार वर्ग २’ असल्यास हस्तांतरणावर निर्बंध असतात. शासनाने दिलेल्या जमिनी, काही इनाम-वतनाच्या जमिनी आणि कुळकायद्याने मिळालेल्या जमिनी या सदरात आढळतात. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय घेणे म्हणजे शर्तभंगाचे ओझे आपल्या शिरावर घेणे होय. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित होण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६-अ यांचे कडक निर्बंध आहेत, हे प्रत्येक पंचायत सदस्यास ठाऊक असावयास हवे.

चौथी आणि सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ‘इतर अधिकार’ हा रकाना. सहकारी सोसायटीचा वा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, भूसंपादनाचा शेरा, हस्तांतरणास मनाई करणारा शेरा हे सर्व येथे नोंदलेले असते. अनेक कुटुंबांत बहिणींची नावेही येथेच आढळतात. रकाना लहान असतो, परंतु व्यवहार बहुधा येथेच अडतो.

तथापि, एवढे पाहून थांबू नये. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. संहितेच्या कलम १५७ अन्वये त्यातील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु केवळ तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही. म्हणून नावे कशी बदलत आली हे सांगणारे फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंदी, क्रमाने वाचाव्यात. नगर भूमापन झालेल्या हद्दीत सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका पाहावी. गावठाणातील घराच्या बाबतीत ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढे केला जातो. ती कर आकारणीची नोंद आहे. मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे ड्रोनद्वारे भूमापन होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. जेथे ती तयार झाली आहे तेथे तिचा आधार घ्यावा.

वारसांचा प्रश्न

जमिनीच्या वादांचे मूळ पुष्कळदा घरातच असते. वडिलोपार्जित जमीन थोरला भाऊ एकटाच विकतो आणि नंतर इतर वारस न्यायालयात जातात. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ मध्ये झालेल्या सुधारणेने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत कन्येला पुत्राप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा ‘बहिणींचे लग्न झाले, त्यांचा काय संबंध?’ हे विक्रेत्याचे उत्तर ग्राह्य मानू नये. सर्व वारसांच्या खरेदीखतावर सह्या घ्याव्यात किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे. अज्ञान मुलाची स्वतंत्र मालमत्ता असल्यास नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही.

शेतजमीन आणि गुंठेवारी

शेतजमीन घेण्याचा विचार असल्यास प्रथम स्वतःची पात्रता पाहावी. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीशिवाय शेतजमीन खरेदी करता येत नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा आणि विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा लागू आहे. त्यामुळे चौकशी त्या त्या विभागाच्या कायद्याप्रमाणे करावी. आपण खातेदार शेतकरी असल्यास त्याचा पुरावा जवळ ठेवावा.

दुसरा अडसर तुकडेबंदीचा. धारणजमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबतचा अधिनियम १९४७ पासून अस्तित्वात आहे. शेतीचे बारीक तुकडे पडून ती परवडेनाशी होऊ नये, हा त्याचा उद्देश. त्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या हस्तांतरणावर निर्बंध आले. २०१७ पासून शासनाने पूर्वी झालेले काही व्यवहार अटींवर नियमानुकूल करण्याची सोय केली आणि पुढे नागरी क्षेत्रासाठी अधिक सवलतीही दिल्या. परंतु सवलत विशिष्ट क्षेत्राला आणि विशिष्ट काळातील व्यवहारांना असते. ‘पुढे सर्व नियमित होईल’ या आश्वासनावर आज पैसे देणे शहाणपणाचे नाही. आपला गट सवलतीत बसतो किंवा कसे, हे तहसील कार्यालयातूनच समजून घ्यावे.

काही ठिकाणी एकाच गटात दहा-पंधरा अनोळखी व्यक्तींची नावे सामाईक लावून देतात. अशा खरेदीदाराला अविभक्त हिस्सा मिळतो. जागेवर कोणता कोपरा आपला हे अभिलेखावरून सांगता येत नाही. घरासाठी भूखंड घ्यावयाचा असेल तर मंजूर रेखांकनातीलच घ्यावा. जमीन विकास आराखड्यात वा प्रादेशिक योजनेत कोणत्या वापरासाठी दर्शविली आहे याचा झोन दाखला, सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला रेखांकनाचा नकाशा आणि अकृषिक वापराबाबतचे आदेश किंवा सनद ही तीन कागदपत्रे मागावीत. मंजूर नकाशातील भूखंड क्रमांक आणि आपल्याला दाखविलेला भूखंड एकच असल्याची खातरजमा करावी. रस्ता प्रत्यक्ष जागेवर आहे की केवळ नकाशावर, हेही पायी फिरून पाहावे. पावसाळ्यात एक फेरी मारल्यास पाणी कोठे साचते हे कोणाला विचारावे लागत नाही.

सदनिका घेताना

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात सदनिका किंवा भूखंड घेणाऱ्यांना स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याचे महत्त्वाचे संरक्षण लाभले आहे. महाराष्ट्राचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे महारेरा, मे २०१७ पासून कार्यरत आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरांहून अधिक आहे आणि ज्यातील सदनिका आठांहून अधिक आहेत, अशा प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय त्याची जाहिरातही करता येत नाही. नोंदणी क्रमांकावरून संकेतस्थळावर जमिनीचे हक्क, मंजुऱ्या, चालू दावे आणि पूर्णत्वाची तारीख पाहता येते.

या अधिनियमातील काही तरतुदी प्रत्येक ग्राहकाने स्मरणात ठेवाव्यात. नोंदणीकृत करारनामा करण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम प्रवर्तकाला घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकाम खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. विक्री चटई क्षेत्रावर करावयाची असते. ताबा ठरल्या तारखेस न मिळाल्यास ग्राहकाला रक्कम व्याजासह परत मागता येते, अथवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज मागता येते. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामाच्या रचनेत दोष आढळल्यास तो दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकाची असते. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागावे. जुनी सदनिका घेताना सहकारी गृहनिर्माण संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला, भाग प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे किंवा नाही, या बाबी पाहाव्यात.

शोध, लेख आणि नोंदणी

मालमत्ता पसंत पडल्यावर अनुभवी वकिलांकडून साधारणतः ३० वर्षांचा शोध घ्यावा. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनवरून मागील खरेदीखते, गहाणखते व बक्षीसपत्रे समजतात. न्यायालयात दावा प्रलंबित आहे काय, हे पाहावे. दावा चालू असताना घेतलेली मालमत्ता सामान्यतः त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली असते. वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागविणे हितावह आहे. जमिनीची मोजणी भूमी अभिलेख विभागाच्या तालुका कार्यालयामार्फत करून घ्यावी. मोजणीला शेजारच्या धारकांना सूचना जात असल्यामुळे हद्दीचे वाद खरेदीपूर्वीच उघड होतात.

कागदांच्या नावांतील फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. विसार पावती ही बोलणीची खूण. साठेखत हा भविष्यात खरेदी करून देण्याचा करार. मालकी देणारा लेख म्हणजे खरेदीखत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५४ नुसार केवळ विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क उत्पन्न होत नाही. १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत लेखानेच होते. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या तथाकथित ‘विक्री’मुळे मालकी हक्क मिळत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेऊ शकत नाही. लेख निष्पादित झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावयाचा असतो.

मुद्रांक शुल्क करारातील मोबदला आणि वार्षिक मूल्य दर तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जे अधिक त्यावर आकारले जाते. निवासी मालमत्ता महिलेच्या नावे घेतल्यास २०२१ पासून शुल्कात १ टक्का सवलतीची तरतूद आहे. तिच्या अटी व चालू दर व्यवहाराच्या वेळी पाहून घ्यावेत. शुल्क वाचविण्यासाठी किंमत कमी दाखवून उर्वरित रक्कम रोखीने देण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. लेखात नसलेली रक्कम व्यवहार फिसकटल्यास सिद्ध करता येत नाही. स्थावर व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याचाही प्रतिबंध आहे. प्रत्येक रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि तिचा उल्लेख लेखात करावा.

शासकीय कर्मचाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावयाचे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील नियम १९ अन्वये स्थावर मालमत्ता घेताना वा विकताना विहित प्राधिकरणास पूर्वकल्पना द्यावी लागते आणि ज्याच्याशी कार्यालयीन संबंध येतो अशा व्यक्तीशी व्यवहार असेल तर पूर्वमंजुरी आवश्यक असते. शिक्षकांनी आपल्याला लागू असलेले सेवानियम त्या दृष्टीने तपासावेत.

खरेदीनंतर

नोंदणी झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. फेरफाराची नोंद झाली, संबंधितांना सूचना गेल्या, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि सातबाऱ्यावर आपले नाव आले, येथपर्यंत पाठपुरावा करावा. मूळ लेख सुरक्षित ठेवून त्याच्या प्रती निराळ्या जागी ठेवाव्यात. जागेला हद्दीच्या खुणा व कुंपण करून वर्षातून किमान दोनदा पाहणी करावी. दुसऱ्याने मालकीच्या इराद्याने १२ वर्षे निर्वेध, उघड व अखंड ताबा ठेवल्यास, मुदतीच्या कायद्यानुसार मूळ मालकाचा हक्कच धोक्यात येतो. बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

गावपातळीवरील जबाबदारी

या कामी शिक्षक, ग्राम महसूल अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. अनधिकृत रेखांकनाचे पहिले खांब रोवले जातात ते गावाच्या डोळ्यांदेखत. त्याच वेळी ग्रामपंचायतीने तहसील कार्यालयास कळविले आणि सूचना फलकावर त्या गटाची स्थिती लिहिली, तर अनेक कुटुंबांची पुंजी वाचेल. ग्रामसभेत सातबारा वाचनाचा एखादा तास ठेवता येईल. शाळेच्या वरच्या वर्गांत हेक्टर-आर-गुंठ्यांचे हिशेब गावातील नकाशावरून शिकविल्यास मुलांना गणितही समजेल आणि घरचा कागदही वाचता येईल.

विक्रेता म्हणतो, ‘आजच विसार द्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे.’ अशा वेळी पहिल्यांदाच व्यवहार करणाऱ्याने एक साधा नियम पाळावा : कागद पाहण्यास जो वेळ देत नाही, त्याची जमीन घेऊ नये. हातची जागा गेली तर दुसरी मिळते. आयुष्यभराची बचत मात्र पुन्हा साठविण्यास तेवढेच आयुष्य लागते.